१७ सप्टेंबर आणि संयुक्त राष्ट्रे : युद्धात माणसांवर अत्याचार झाले तर जग काय करतं? नांदेड-लातूरच्या इतिहासातून सोप्या भाषेत



युक्रेन, गाझा, सुदान, म्यानमार. रोज रील्स बघताना यातलं एखादं नाव डोळ्यांसमोरून जातंच. खाली कुणीतरी विचारलेलं असतं, "संयुक्त राष्ट्रे काय झोपा काढतायत का?" प्रश्न रास्त आहे. पण संयुक्त राष्ट्रे नेमकं काय करू शकतात, काय करू शकत नाहीत आणि का, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, मूळचा नांदेडचा. हा विषय समजून घ्यायला लांबचं उदाहरण शोधायची गरज नाही, कारण आपला नांदेड-लातूरचा भाग एकदा थेट सुरक्षा परिषदेच्या टेबलावर गेला होता. साल १९४८. शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला झेंडावंदन आपण सगळ्यांनी केलंय, पण पॅरिसमधल्या त्या बैठकीबद्दल आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांबद्दल फार कमी जणांना माहिती असते.

आजच्या लेखात आपण पाहणार आहोत:

- हैदराबादचा प्रश्न जगापुढे कसा गेला
- रझाकारांच्या काळात आणि पोलीस ॲक्शननंतर काय झालं
- जगाने काय केलं, काय नाही केलं
- आज अशा वेळी कोणकोणती साधनं उपलब्ध आहेत
- मोबाईलमधला फोटो किंवा व्हिडिओ पुरावा कसा बनतो
- १७ सप्टेंबरला येणारे फॉरवर्ड कसे तपासायचे

चला, सुरुवात करूया.

आधी पार्श्वभूमी : हैदराबाद संस्थान म्हणजे काय होतं?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण नांदेड, लातूर, बीड, परभणी, उस्मानाबाद, औरंगाबाद हा भाग स्वतंत्र भारतात नव्हता. तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थान मोठं होतं: १६ जिल्हे, १९४१ च्या जनगणनेनुसार १ कोटी ६० लाखांच्या वर लोकसंख्या, स्वतःचं चलन, स्वतःची रेल्वे, स्वतःचं सैन्य. मराठी, तेलुगू, कानडी बोलणारे लोक एकाच राज्यात. बहुसंख्य प्रजा हिंदू, शासक मुस्लिम.

तेव्हा लातूर वेगळा जिल्हा नव्हता, तो उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. जुनी कागदपत्रं वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर लातूर शोधून सापडणार नाही.

निजाम मीर उस्मान अली खान यांना भारतात विलीन व्हायचं नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि हैदराबाद यांच्यात एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. म्हणजे वर्षभर आहे तसं चालू द्यायचं आणि तोवर बोलणी करायची. ही बोलणी शेवटपर्यंत जमली नाहीत.

रझाकारांचा काळ

मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेची निमलष्करी शाखा म्हणजे रझाकार. त्यांचा नेता कासीम रझवी. हा माणूस लातूरला वकिली करायचा, म्हणजे या गोष्टीचा एक मोठा धागा थेट आपल्या लातूरमध्ये आहे.

संस्थानात स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसची चळवळ चालू होती. आज नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ १९४६ मध्येच गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. १९४७-४८ मध्ये रझाकारांचे हल्ले वाढले. गावं लुटणं, जाळणं, खून, स्त्रियांवर अत्याचार असं सगळं झालं. बिदरकडच्या गोरटा गावात मे १९४८ मध्ये मोठं हत्याकांड झालं. हजारो लोक घरदार सोडून सीमेपलीकडे गेले. नांदेडला लागून असलेल्या उमरखेडसारख्या ठिकाणी कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले. उदगीरजवळच्या हत्तीबेटावरून आपल्याच भागातल्या लोकांनी रझाकारांशी लढा दिला.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. रझाकारांना विरोध करणाऱ्यांत मुस्लिमही होते. हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध उघडपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला.

प्रश्न पॅरिसला कसा पोचला?

२१ ऑगस्ट १९४८ ला हैदराबाद सरकारने सुरक्षा परिषदेकडे तार करून तक्रार केली की, भारत आपल्यावर दबाव टाकतोय, आर्थिक कोंडी करतोय आणि हल्ल्याची धमकी देतोय. त्यासाठी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं कलम ३५(२) वापरलं. या कलमानुसार संयुक्त राष्ट्रांचं सदस्य नसलेलं राष्ट्रसुद्धा वाद परिषदेसमोर आणू शकतं.

आता मेख कुठे आहे बघा. कलमात शब्द आहे 'राष्ट्र'. हैदराबाद हे राष्ट्र होतं का? भारताचं म्हणणं होतं की नाही, हे एक संस्थान आहे आणि हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. सनदेत आणखी एक कलम आहे, २(७). ते सांगतं की एखाद्या देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हात घालायचा नाही.

भारतानेही १९४८ मध्येच हैदराबादबद्दल श्वेतपत्रिका काढून रझाकारांच्या अत्याचारांची माहिती मांडली होती. म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद तयार होत होते.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरलं. लष्करी नाव होतं ऑपरेशन पोलो, पण सरकारी भाषेत त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं गेलं. हे नाव सहज दिलेलं नव्हतं. युद्ध म्हटलं की दोन देश आले, पोलीस कारवाई म्हटलं की घरातला प्रश्न झाला. शब्द निवडला की कायद्याची चौकट बदलते.

१६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेची ३५७ वी बैठक भरली. हैदराबादच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते मोईन नवाज जंग, तर भारताची बाजू रामस्वामी मुदलियार यांनी मांडली. विषय अजेंड्यावर घ्यायचा की नाही यावर मतदान झालं: ८ बाजूने, ३ तटस्थ, विरोधात कुणी नाही. विषय अजेंड्यावर आला.

आणि दुसऱ्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. काही दिवसांत त्यांनी तक्रार मागे घेत असल्याचा संदेश संयुक्त राष्ट्रांना पाठवला. हा संदेश त्यांनी स्वखुशीने पाठवला का, अशी शंका परिषदेतल्या काही सदस्यांनी घेतली. मे १९४९ मध्ये पुन्हा थोडी चर्चा झाली. पण शेवटी एकही ठराव झाला नाही आणि तपासासाठी कुठलंही पथक आलं नाही. 'हैदराबादचा प्रश्न' हे शीर्षक मात्र परिषदेच्या प्रलंबित विषयांच्या यादीत पुढे कित्येक दशकं तसंच पडून राहिलं. बग ट्रॅकरमध्ये एखादं तिकीट कुणी बंदही करत नाही आणि सोडवतही नाही, तसंच काहीसं.

सगळी चर्चा एका मुद्द्याभोवती फिरली: हैदराबाद राष्ट्र आहे का आणि परिषदेला अधिकार आहे का. गोरट्यात किंवा अर्जापुरात मेलेली माणसं त्या चर्चेच्या मध्यभागी नव्हती. आणि जे पुढच्या काही आठवड्यांत मरणार होते, ते तर नव्हतेच.

१७ सप्टेंबरनंतर काय झालं?

हा भाग आपल्याकडे कमी बोलला जातो, म्हणून नीट वाचा.

पोलीस ॲक्शन संपताना आणि त्यानंतरच्या आठवड्यांत संस्थानात अनेक ठिकाणी मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. बातम्या दिल्लीपर्यंत पोचल्या. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचं एक पथक पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून संस्थानात गेलं. त्यांनी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. ज्या गावांत जाता आलं नाही, तिथल्या लोकांशीही ते बोलले.

त्यांच्या अहवालातले मुख्य मुद्दे:

- संपूर्ण संस्थानात पोलीस ॲक्शनच्या दरम्यान आणि नंतर किमान २७,००० ते ४०,००० माणसं मारली गेली, असा अंदाज.
- सगळ्यात जास्त झळ बसलेले चार जिल्हे: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. फक्त या चार जिल्ह्यांत किमान १८,००० बळी.
- लातूर शहरात हत्या वीसेक दिवस चालू होत्या. तिथे सुमारे दहा हजार मुस्लिम राहत होते, समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजाराहून जास्त मारले गेले, बाकीचे पळून गेले.
- सैन्याची शिस्त एकूण चांगली होती असं समितीने म्हटलं. पण काही ठिकाणी सैनिक आणि स्थानिक पोलीस लुटीत आणि इतर गुन्ह्यांतही सामील होते, हेही स्पष्ट लिहिलं.
- अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून मुस्लिम कुटुंबांना वाचवलं. एकाच धंद्यातली माणसं, उदाहरणार्थ विणकर, एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली.

हे आकडे समितीचे अंदाज आहेत, घरोघर जाऊन केलेली मोजणी नाही. वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगवेगळे आकडे दिलेत. समितीने रझाकारांच्या अत्याचारांकडे पुरेसं लक्ष दिलं नाही असा आक्षेपही तेव्हाच घेतला गेला आणि गृहमंत्री सरदार पटेल या समितीवर नाराज होते. पण मोठी गोष्ट वेगळीच आहे: हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केलाच नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात तो छापला गेला आणि त्याच सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात, म्हणजे आजच्या पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालयात, तो पाहता येऊ लागला. मध्ये ६५ वर्षं गेली. ज्यांनी समितीसमोर साक्ष दिली, त्यातले बहुतेक लोक तोपर्यंत या जगात नव्हते.

कासीम रझवीवर खटले चालले, त्याला शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये सुटल्यावर तो पाकिस्तानात गेला.

तारखा शेजारी ठेवून बघा

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ही आहे. समिती संस्थानातल्या गावांतून फिरत असताना पॅरिसमध्ये काय चाललं होतं?

- ९ डिसेंबर १९४८ : वंशसंहारविरोधी करार मंजूर.
- १० डिसेंबर १९४८ : मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा मंजूर.

१० डिसेंबर म्हणजे आपण दरवर्षी साजरा करतो तो मानवी हक्क दिन. या जाहीरनाम्यात भारताचा मोठा वाटा होता. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे पहिल्या कलमातला 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकणारा इंग्रजी शब्द बदलून 'सर्व माणसे' असा झाला.

म्हणजे एकीकडे जग 'सर्व माणसे' हा शब्द पक्का करत होतं आणि दुसरीकडे तीन माणसं मृतांचा हिशेब लिहीत होती. हे दोन कागद एकमेकांना भेटलेच नाहीत.

पुढच्या वर्षी, १२ ऑगस्ट १९४९ ला, चार जिनिव्हा करार झाले. त्या चारही करारांत तिसरं कलम सारखंच आहे. ते सांगतं की संघर्ष दोन देशांत नसून एका देशाच्या आत असला, तरी हत्यार खाली ठेवलेल्यांना आणि सामान्य माणसांना मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस धरायचं नाही. म्हणजे त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणा की आणखी काही, सशस्त्र संघर्ष असेल तर किमान नियम लागू. भारताने १९५० मध्ये हे करार मान्य केले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदाही केला.

१९४९ चा नियम १९४८ ला मागे जाऊन लावता येत नाही. पण असा नियम का लागतो, हे १९४८ च्या लातूरकडे बघून कळतं.

आज जगाकडे कोणती साधनं आहेत?

१. सुरक्षा परिषद. १९४८ मध्ये ११ सदस्य होते, आता १५ आहेत. निर्बंध लावणं, शस्त्रबंदी करणं, शांतिसेना पाठवणं हे तिच्या हातात. पण अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स या पाचांपैकी एकानेही नकाराधिकार वापरला की ठराव पडतो.

२. आंतरराष्ट्रीय न्यायालय. हेगमध्ये आहे. इथे देश विरुद्ध देश खटला चालतो. २०१९ मध्ये छोट्याशा गांबियाने रोहिंग्यांच्या प्रश्नावर म्यानमारला इथे खेचलं. आधार होता तोच १९४८ चा वंशसंहारविरोधी करार.

३. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. हेही हेगमध्ये, पण वेगळं. इथे देशावर नाही, व्यक्तीवर खटला चालतो. काम २००२ मध्ये सुरू झालं. भारत, अमेरिका, रशिया, चीन याचे सदस्य नाहीत.

४. खास न्यायाधिकरणं. माजी युगोस्लाव्हियासाठी १९९३ मध्ये, रवांडासाठी १९९४ मध्ये. रवांडाच्या न्यायाधिकरणाने रेडिओवरून आणि वर्तमानपत्रातून द्वेष पेरणाऱ्यांनाही २००३ मध्ये शिक्षा दिली. फक्त बोलणं-छापणंसुद्धा गुन्ह्याचा भाग ठरू शकतं, हे तिथे सिद्ध झालं.

५. मानवी हक्क परिषद. जिनिव्हात, २००६ पासून, ४७ सदस्य. सत्यशोधन पथकं नेमणं हे तिचं महत्त्वाचं काम. १९४८ मध्ये हैदराबादला असं काही आलं असतं तर अहवाल ६५ वर्षं दडून राहिला नसता.

६. आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समिती. १८६३ पासून. कैद्यांना भेटणं, हरवलेल्यांचा शोध, जखमींना मदत. ही संस्था जाहीर आरोप सहसा टाळते, कारण दोन्ही बाजूंनी तिला आत येऊ द्यावं लागतं.

मग तरीही जग गप्प का राहतं?

हैदराबादच्या उदाहरणात चारही कारणं दिसतात:

- हा अंतर्गत प्रश्न आहे असं म्हणता येतं. कलम २(७).
- वेळ. अजेंड्यावर विषय आला १६ ला, शरणागती १७ ला. पण लातूरमधल्या हत्या वीस दिवस चालल्या. बैठक आटोपली म्हणजे प्रश्न आटोपला असं होत नाही.
- तक्रार कोण करतं. तक्रार सरकारची होती, माणसांची नाही. सरकारने ती मागे घेतली की माणसांचं बोलायला कुणी उरलं नाही.
- पुरावा दडून राहिला. अहवाल होता, पण कपाटात.

पहिली तीन कारणं तुमच्या-माझ्या हातात नाहीत. चौथं मात्र आता खूप बदललंय, कारण खिशात कॅमेरा आहे.

मोबाईलमधला व्हिडिओ पुरावा कसा बनतो?

२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियाच्या महमूद अल-वरफली या कमांडरविरुद्ध अटक वॉरंट काढलं. त्यात सोशल मीडियावर आलेल्या व्हिडिओंचा मोठा आधार होता. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने आणि कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने मिळून 'बर्कली प्रोटोकॉल' आणला. इंटरनेटवरचा पुरावा कसा गोळा करायचा आणि कसा जपायचा, याचे हे नियम.

थोडक्यात तीन गोष्टी बघितल्या जातात:

मेटाडेटा. फोटोच्या फाइलमध्ये वेळ, फोनचं मॉडेल, लोकेशन चालू असेल तर जागा, अशी माहिती असते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहान होतो आणि ही माहिती गळून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

हॅश. हा फाइलच्या अंगठ्याचा ठसा समजा. फाइल एका गणिती सूत्रातून काढली की एक लांबलचक आकडा मिळतो. फाइलमधला एक ठिपका जरी बदलला तरी आकडा पूर्ण बदलतो. त्यामुळे मधल्या काळात कुणी फाइलला हात लावलाय का, हे लगेच कळतं.

जागा आणि वेळ जुळवणं. मागची इमारत, दुकानाची पाटी, डोंगराची रेघ, सावलीची दिशा. ही सॅटेलाइट नकाशाशी ताडून बघतात.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. हिंसक मजकूर म्हणून कंपन्यांची यंत्रणा असे व्हिडिओ आपोआप काढून टाकते. सीरियातल्या युद्धाचे असे कितीतरी व्हिडिओ यूट्यूबवरून गेले आणि त्यांच्याबरोबर पुरावाही गेला. आणि सगळ्यात महत्त्वाचं: पीडित माणसाचा चेहरा, नाव, पत्ता उघड करून व्हिडिओ पसरवला तर त्याच माणसाचा जीव धोक्यात येऊ शकतो. पुरावा जपून ठेवणं आणि व्हायरल करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

१७ सप्टेंबरचे फॉरवर्ड कसे तपासायचे?

दरवर्षी एखादा तरी काळापांढरा फोटो 'रझाकारांचे अत्याचार' किंवा 'पोलीस ॲक्शनचं सत्य' म्हणून फिरतो. मागे आमच्या एका ग्रुपवर असाच फोटो आला होता. शोधला तर तो भारतातलाच नव्हता. तोपर्यंत खाली शिव्यांचा पाऊस पडून गेला होता आणि त्या ग्रुपमध्ये दोन्ही समाजांचे लोक होते.

१. फोटोवर गुगल लेन्स लावा. सगळ्यात जुना निकाल कुठला आणि कधीचा ते बघा.

२. मजकुरात तारीख आणि गाव आहे का बघा. 'एका गावात', 'हजारो लोक' एवढंच असेल तर थांबा.

३. आकडा दिला असेल तर तो कुणाचा? समितीचा, सरकारचा, की कुणाचाच नाही?

४. मूळ कागद शोधा. संयुक्त राष्ट्रांची डिजिटल लायब्ररी फुकट आहे, लॉगिन लागत नाही. सुरक्षा परिषदेच्या कागदांचा क्रमांक इंग्रजी 'एस' अक्षराने सुरू होतो, आमसभेच्या कागदांचा 'ए' ने. १९४८ साल आणि हैदराबाद हा शब्द टाकून शोधलं की बैठकांचे वृत्तांत मिळतात. भारत सरकारची जुनी कागदपत्रं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर शोधता येतात.

५. मेसेज अर्धीच गोष्ट सांगतोय का? फक्त १७ सप्टेंबरच्या आधीचं, किंवा फक्त नंतरचं? दोन्हीकडे माणसंच मेली. एक सांगून दुसरं लपवणारा मेसेज खरा असूनही फसवा असतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पोलीस ॲक्शननंतरच्या हत्यांबद्दल बोललं तर मुक्तिसंग्रामाचा अपमान होतो का?
माझ्या मते नाही. रझाकारांविरुद्धचा लढा खरा होता आणि त्यातलं बलिदानही खरं होतं. ज्या लोकांनी नंतर शेजाऱ्यांची घरं लुटली, ते त्या लढ्याचे वारसदार ठरत नाहीत. उलट ज्यांनी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलं, त्यांची आठवण आपण जास्त ठेवायला हवी.

भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही, मग इथे काहीच दाद मागता येत नाही का?
येते. आपली न्यायालयं आहेत आणि १९९३ पासून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगही आहे. आंतरराष्ट्रीय व्यवस्था ही शेवटची पायरी समजली जाते, पहिली नाही.

ठराव झाला नाही तर संयुक्त राष्ट्रांचा उपयोग काय?
नोंद राहते. १९४८ मध्ये पॅरिसला कोण काय बोललं ते आज तुम्ही नांदेडच्या बसस्टँडवर बसून मोबाईलवर वाचू शकता. सुंदरलाल समितीचा अहवाल मात्र वाचायला ६५ वर्षं थांबावं लागलं. कुठे नोंद उघडी होती आणि कुठे बंद, एवढाच फरक.

मी काय करू शकतो?
तुमच्या घरात, गल्लीत कुणी नव्वदीच्या पुढचं असेल तर त्यांना १९४८ बद्दल विचारा. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, परवानगी घेऊनच. सुरुवातीला तारीख, गाव आणि तुमचं नाव बोला. फाइलची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि मूळ फाइल एडिट करू नका. मधेमधे टोकू नका, आपलं मत घालू नका. त्यांनी कुणाचं नाव घेतलं तर ते जाहीर करायचं की नाही, हे त्यांनाच विचारा.

त्या वेळी जे दहा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. संयुक्त राष्ट्रांचं पथक तेव्हा आलं नाही आणि आता येणारही नाही. हे काम आपल्यालाच करावं लागेल, आणि त्यासाठी वेळ फार थोडा उरलाय. या रविवारी जमलं तर सुरुवात करा.